यंदा नेव्हर माइंड कुणाकडं?

परवा ऑफिसात माझा धक्का लागून आमच्या नव्या डॉक्टरीणबाईंचा चहा टेबलावर सांडला. मी ओशाळलो. बाई रुमालानं टेबल पुसत हसून म्हणाल्या, "नेव्हर माइंड, सर." आणि माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "अरेरे, कोण वारलं?"

बाई माझ्याकडं बघतच राहिल्या. शिपायानंही मान वर केली. मग मला सोपानबप्पांची सगळी गोष्ट सांगावी लागली, आणि ती सांगता सांगता दुसरा चहाही गार झाला.

बप्पा युसूफ वडगावचे. केज तालुक्यातलं हे मोठं गाव. बाजार मोठा, जनावरं भरपूर, त्यामुळं जनावरांच्या डॉक्टरला उसंत अशी नाहीच. मी तिथं डॉक्टर म्हणून बरीच वर्षं काढली. रुजू झालो त्याच आठवड्यात निरोप आला की सोपानबप्पांच्या बैलाच्या पायात काटा मोडलाय, पाय सुजलाय, लगेच या. गेलो. बैल म्हणजे काय, भिंतच होती! पांढराशुभ्र, नाव हौश्या. मी मागून पाय धरायला गेलो आणि त्यानं अशी लाथ झाडली की माझी बॅग गव्हाणीत जाऊन पडली. घरातली दोन दणकट पोरं दावं धरून उभी होती, तीही मागं सरली.

तेवढ्यात घरातून एक उंच, वाळक्या अंगाचा म्हातारा आला. धोतर पोटरीपर्यंत खोचलेलं, डोक्याला फिकट गुलाबी पटका. तो सरळ बैलाच्या तोंडाशी गेला, मानेवर दोनदा थाप मारली आणि कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "स्टेडी, ओल्ड बॉय. स्टेडी."

बैल उभा राहिला. मी काटा काढला, जखम धुतली, इंजेक्शन दिलं. काम झाल्यावर माझे हात थरथरायला लागले. म्हाताऱ्यानं ते पाहिलं. त्यानं माझ्याही खांद्यावर दोनदा थाप मारली आणि त्याच आवाजात म्हणाला, "स्टेडी, ओल्ड बॉय." खोटं कशाला सांगू, मलाही लगेच बरं वाटलं.

"बप्पा, इंग्रजी कुठं शिकलात?" मी विचारलं.

"शिकलो कुटं? घरचं हाय ते," बप्पा म्हणाले. "जिमिनीसारकं आलंय. आज्जाकडनं बापाकडं, बापाकडनं माज्याकडं."

हा आज्जा, म्हणजे बप्पांचे आजोबा, मोमिनाबादच्या छावणीत मोतद्दार होता. मोमिनाबाद म्हणजे आताचं अंबाजोगाई. तिथं घोडदळ होतं आणि ह्या आज्जाकडं एका गोऱ्या कप्तानाचे घोडे होते. त्यांना खरारा करायचा, चंदी घालायची, फिरवून आणायचं. कप्तान दिवसभर घोड्यांशी बोलायचा, आज्जा दिवसभर ऐकायचा. पुढं छावणी उठली. साहेब त्याच्या देशाला गेला, आज्जा पायी वडगावला आला. येताना त्यानं एक घोड्याचा खरारा आणला आणि पाच बोल आणले. खरारा झिजून गेला. बोल मात्र घरात राहिले.

'स्टेडी, ओल्ड बॉय' हा बिथरलेल्याला उभं करण्यासाठी. 'राइट-ओ' कामाला लागण्यासाठी. 'चिन अप' कुणाला निरोप देताना. 'बाय जोव्ह' काही अचाट बघितलं म्हणजे. आणि पाचवा 'नेव्हर माइंड'.

हा पाचवा इतरांसारखा घोड्याच्या कानातून आलेला नव्हता. आज्जाचं पहिलं लेकरू छावणीतच तापानं गेलं. त्याला पुरून आज्जा तसाच तबेल्यात आला, कारण घोडे उपाशी होते. कप्तानाला कुणीतरी सांगितलं असावं. तो आला. त्याला आपली भाषा येत नव्हती, आज्जाला त्याची येत नव्हती. त्यानं आज्जाच्या गुडघ्यावर हात ठेवला, "नेव्हर माइंड" म्हणाला, त्याच्या हातातला खरारा काढून घेतला आणि त्या दिवशी सगळ्या घोड्यांना स्वतः खरारा केला. बप्पा हे सांगायचे तेव्हा आपला हात समोरच्याच्या गुडघ्यावर नकळत ठेवायचे.

तेव्हापासून वडगावात कुणाच्या घरी मयत झालं की ह्या घरातला कर्ता माणूस जायचा, दुखवट्याला बसलेल्याच्या गुडघ्यावर हात ठेवून 'नेव्हर माइंड' म्हणायचा, कपभर चहा घ्यायचा आणि उठायचा. दुसरा शब्द बोलायचा नाही. आधी लोक हसले असतील. मी तर हसलोच होतो. पण गावाला त्याची अशी सवय लागली की दहाव्याला ब्राह्मण उशिरा आला तरी चालेल, मोतद्दाराच्या घरचं माणूस यायलाच हवं.

आता ह्या घरात एक गंमत होती. आज्जाला दोन लेक. थोरला बप्पांचा बाप, धाकटा दत्तूचा बाप. दत्तू म्हणजे बप्पांचे चुलतभाऊ. सख्ख्यापेक्षा जवळचे, दिसायला ठेंगणे, आवाजानं मात्र दणदणीत. आज्जाच्या हयातीतच वाटणी झाली. पंच बसले, जमीन मोजली, बैल वाटले, विहीर सामाईक ठेवली. सगळं उरकल्यावर आज्जानं विचारलं, "आन माजं इंग्रजी?"

पंच हसले. आज्जा हसला नाही. तो म्हणाला, दोघं भाऊ एकदम 'राइट-ओ' म्हणतात आणि सालगड्याला कळत नाही कुणाच्या शेतात जायचं, तेव्हा हेही वाटा. मग रीतसर वाटणी झाली. थोरल्याकडं 'स्टेडी, ओल्ड बॉय' आणि 'राइट-ओ'. धाकट्याकडं 'चिन अप' आणि 'बाय जोव्ह'. 'नेव्हर माइंड' मात्र विहिरीसारखं सामाईक. विहिरीच्या पाण्याची जशी पाळी, तशी ह्याची बारी. एक साल थोरल्या घराची, एक साल धाकट्याची. पाडव्याला बारी बदलायची. ज्याची संपली त्यानं साखरेची गाठी घेऊन दुसऱ्याच्या घरी जायचं, ती त्याच्या गळ्यात घालायची आणि म्हणायचं, "सांबाळा आता." जेवून परत यायचं.

हे सगळं आज्जा गेल्यावर, त्याचे लेक गेल्यावर, बप्पांच्या आणि दत्तूंच्या काळातही जसंच्या तसं चालू होतं. मी माझ्या डोळ्यांनी दोन घरांमधली ती ये-जा बघितली आहे. दत्तूंची गाय अडली की रात्र असो की दिवस, बप्पांना बोलावणं जायचं, कारण 'स्टेडी, ओल्ड बॉय' त्यांच्या मालकीचं. गायीला ओल्ड बॉय म्हणू नये हे मी एकदा सांगून बघितलं. बप्पा म्हणाले, "गाईला काय कळतंय? तिला आवाज कळतो." उलट बप्पांच्या लेकीचं लग्न झालं तेव्हा पाठवणीला सगळे रडत उभे, गाडी सुरू, नवरदेव घाम पुसतोय, पण कुणी गाडी हलू देईना. का, तर दत्तूकाका जेवायला बसलेत. शेवटी दत्तू हात धुऊन पळत आले, पोरीची हनुवटी वर केली, म्हणाले, "चिन अप!" मग गाडी गेली.

बप्पांची नात केजला इंग्रजी शाळेत जायची. तिनं एकदा घरात जाहीर केलं की हे असलं इंग्रजी आता कुणीच बोलत नाही, मॅडमना विचारलं मी. बप्पांनी शांतपणे सांगितलं, "मंग बरंय की. सगळेच बोलाय लागले तर आपलं वेगळं काय ऱ्हायलं?"

ह्या वाटणीला कुणी भीक घालत नसेल तर ती एकटी सुंदराबाई, दत्तूंची बायको. लहानखुरी, काटक, जिभेला धार. ती म्हणायची, "पुरुषांनी वाटून घेतले, आमाला एक बी दिला न्हाई. मंग मी सगळेच वापरनार." आणि वापरायची. कोंबड्यांना 'राइट-ओ' म्हणून खुराड्यात घालायची, दूध उतू गेलं की चुलीला 'नेव्हर माइंड' म्हणायची. बप्पा त्या वेळी ओसरीवर असले तर दूर कुठंतरी बघायचे, जणू कानच नाहीत. मला ते बघून हसू आवरायचं नाही.

बप्पांचा स्वतःचा जीव मात्र दुसऱ्या घरच्या एका बोलावर होता. 'बाय जोव्ह' त्यांना फार आवडायचं. एकदा बीडला जनावरांचं शिबिर होतं, येताना मी त्यांना मोटरसायकलवर कपिलधारच्या देवस्थानाला नेलं. धबधबा भरून पडत होता. तुषार पार आमच्या तोंडावर येत होते. बप्पा कितीतरी वेळ आ वासून उभे. ओठ हलले, पण आवाज नाही. मग माझ्याकडं वळून अगदी अडचणीत सापडल्यासारखे म्हणाले, "डाक्टर, हितं दत्तूचा शब्द लागतो."

"म्हणा की! कोण ऐकतंय?"

"मी ऐकतो न्हवं का!" ते म्हणाले. मग खिशातून मोबाईल काढला, मला दत्तूंचा नंबर लावायला सांगितला, स्पीकर चालू केला आणि फोन धबधब्याच्या दिशेनं हात लांब करून धरला. "दत्तू, ऐकतूस का? ऐक. ऐकलं? आता म्हन."

"काय हाय ते?"

"कपिलधार. लई पानी हाय, दत्तू. डोंगर फुटल्यावानी पडतंय. म्हन लवकर!"

आणि फोनमधून, साऱ्या यात्रेकरूंना ऐकू जाईल अशा आवाजात, दत्तू ओरडले, "बाय जोव्ह!"

बप्पांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. सगळ्या वाटेनं ते मागच्या सीटवर गुणगुणत होते.

माझे वडील गेले तेव्हा मी गावी होतो. आमचं गाव आष्टी तालुक्यात, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. आठवडाभर माणसं येत होती. वय किती होतं, शुगर होती का, कुठल्या दवाखान्यात नेलं, आधीच नगरला का नाही नेलं. आलेला प्रत्येक जण माझ्या बापाच्या मरणाची तपासणी करून जायचा. मी उत्तरं देऊन देऊन कोरडा झालो होतो. एका दुपारी दारात पटका दिसला. बप्पा दोन एसट्या बदलून आले होते, धोतरावर धुळीचे थर. माझ्याशेजारी बसले. गुडघ्यावर हात ठेवला. "नेव्हर माइंड," म्हणाले.

मला इंग्रजी येतं. चहा सांडल्यावर म्हणायचे शब्द आहेत हे, मला ठाऊक आहे. पण त्या आठवड्यात मी पहिल्यांदा रडलो तो तेव्हा. बप्पांनी चहा घेतला, आईला नमस्कार केला आणि उठले. मी फाट्यापर्यंत सोडायला गेलो तेव्हा एवढंच म्हणाले, "यंदा बारी आमची हाय म्हनून मी आलो. न्हाईतर दत्तूला धाडलं आसतं. तो बी चांगलंच म्हनतो."

असं हे छान चाललेलं होतं, आणि मग सुंदराबाई गेली. दुखणं थोड्याच दिवसांचं, अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेलं पण उपयोग झाला नाही. दुखवट्याला मी गेलो तेव्हा दत्तू भिंतीला टेकून बसले होते. इतका मोठ्या आवाजाचा माणूस, पण तोंडातून हूं की चूं नाही. सगळं गाव बसलेलं. आणि सगळे वाटेकडं बघत होते, बप्पांच्या.

बप्पा आले. दत्तूंच्या शेजारी बसले. गुडघ्यावर हात ठेवला. तोंड उघडलं. आणि मिटलं. चहा आला, तो घेतला. उठले आणि निघून गेले. दत्तू त्यांच्या पाठीकडं फाटकापर्यंत बघत राहिले.

त्या दिवसापासून दत्तू बप्पांशी बोलायचे बंद झाले.

मी दुसऱ्याच दिवशी बप्पांना गाठलं. "बप्पा, हे काय केलंत? सगळ्या गावाला म्हणता आणि भावाला म्हणाला नाहीत?"

"बारी त्याची हुती, डाक्टर," बप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "यंदाचं साल त्याचं हाय. त्याचीच चीज त्याच्या दारात जाऊन, त्याला न इचारता मी उचलू? आन ती बी ह्या टायमाला? त्याला वाटलं आसतं, बायकू गेली न्हाई तोच ह्यानं नेम मोडला."

मला राग आला. रागात मी वय बघत नाही. "बप्पा, तुम्ही गाढव आहात," मी म्हणालो.

"आसंन," बप्पा म्हणाले. "गाढवाचं बी औषध तुमच्याकडंच आसतं न्हवं? मंग द्या."

मी औषध द्यायला दत्तूंकडं गेलो. समजावून सांगितलं. दत्तूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्या कुनाला काय मागितलं न्हाई." संपलं. माझी डॉक्टरी जनावरांपुरतीच.

पुढं हा अबोला वर्षांवर वर्षं चालला. नेम मात्र दोघांनी मोडला नाही. पाडव्याला दत्तू गाठी घेऊन यायचे, ती बप्पांच्या फाटकाला अडकवायचे आणि हाक न मारता जायचे. पुढच्या पाडव्याला बप्पा जायचे. ते फाटकाशी चांगले पाऊण तास उभे राहायचे, खोकायचे, फाटक वाजवायचे, मग गाठी अडकवून यायचे. त्या घरात जेवणाचं ताट वाढलं जायचं नाही. विहिरीवर एकाची मोटर बंद झाली की दुसऱ्यानं यायचं, म्हणजे तोंड बघायला नको. दत्तूंची म्हैस आजारी पडली तर मला फोन बप्पांचा यायचा. "मी सांगितलं म्हनू नका बरं," एवढं बोलून ठेवून द्यायचे. आणि दत्तूंच्या जनावरांसाठी बप्पांचं 'स्टेडी, ओल्ड बॉय' बंदच झालं. त्यांच्या गोठ्यात जाताना मी जीव मुठीत धरून जायचो.

एका संध्याकाळी बप्पा मला म्हणाले, "डाक्टर, मला आता दुसरं काय नकू. पोरं कमावती हायती. नातीचं कालेज चालू हाय. मरायच्या आदी फकस्त दत्त्यानं एक डाव 'बे सोपान' म्हनून हाक मारावी. शिवी दिऊन मारली तरी चालंल." असं बोलून ते उगाच पटका सोडून पुन्हा बांधत बसले.

हौश्या म्हातारा झाला होता. बप्पांच्या पोरांनी ट्रॅक्टर घेतला, दुसरा बैल विकला, पण हौश्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. बप्पा त्याला रोज सकाळी घासायचे, बाजारातून त्याच्यासाठी बत्तासे आणायचे. दात गेले तेव्हा कडबा बारीक करून, भिजवून घालायचे. एका दुपारी फोन आला. मी गेलो तेव्हा हौश्या लिंबाखाली आडवा होता आणि डोळे निवत चालले होते. मी तपासलं. बप्पांकडं बघितलं. त्यांनी मान हलवली, त्यांना आधीच कळलं होतं. शेवटपर्यंत ते त्याच्या मानेवर थोपटत होते, पण त्यांच्या मालकीचे शब्द काही त्यांच्या तोंडून निघेनात.

पोरांनी शेतातच खड्डा घेतला, मीठ आणलं, हळद वाहिली. बैल जाणं म्हणजे काय हे ज्याच्या घरी बैल होता त्यालाच कळतं. बायका रडत होत्या. गावातले लोक येऊन बसले. बप्पा लिंबाच्या बुंध्याशी बसून होते. ते साल बप्पांच्या बारीचं. म्हणजे 'नेव्हर माइंड' म्हणायचा हक्क आख्ख्या गावात एकट्या बप्पांना, आणि दुःख झालेलं तेही बप्पांनाच. हे माझ्या ध्यानात आलं.

तेवढ्यात बांधावरून दत्तू येताना दिसले. अनवाणी, घाईघाईत, चिखलात पाय भरवत. लोक सरकून बसले. दत्तू आले, बप्पांच्या शेजारी धपकन बसले, गुडघ्यावर हात ठेवला आणि साऱ्या शिवाराला ऐकू जाईल असं म्हणाले,

"नेव्हर माइंड, बे सोपान."

बप्पांनी मान वर केली. आधी काही उमजलंच नसावं. मग हळूच म्हणाले, "दत्तू, यंदाची बारी माजी हाय."

"ठावं हाय मला."

"मंग?"

"मंग काय? चोरी केली. बोलव पंच!" दत्तूंचा आवाज फाटला. "चोरी केली म्या. तुला बी त्या दिशी करता आली आसती का न्हाई? माजी सुंदरा गेल्ती, सोपान. म्या काय पंच बोलावले आसते? जल्मभर तिनं तुज्या म्होरं सगळे शब्द चोरले, तवा आंधळा-बहिरा झालतास. आन तिच्याच दिशी तुला नेम आठवला?"

बप्पा रडायला लागले. मोठ्यानं, लहान मुलासारखे. रडता रडताच म्हणाले, "मला वाटलं, तुला राग येईल."

"लई आला की! कैक वर्सं आलाय!"

इथं कुणीतरी फिसकन हसलं. मीच असेन. मग दत्तू हसले. मग बप्पांना हसू फुटलं, आणि दोघं म्हातारे एकमेकांच्या गळ्यात हात घालून, मेलेल्या बैलाच्या शेजारी, डोळे पुसत हसत सुटले. दत्तू म्हणत होते, "सुंदराच्या येळंला तू गप, आन बैलाच्या येळंला मी पळत आलो. तिला वरती कळलं तर मला भाकर मिळायची न्हाई!" बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. इतक्या आनंदाची मूठमाती मी तरी दुसरी बघितलेली नाही. त्या दिवशी दत्तू बप्पांकडंच जेवले, आणि पुढच्या पाडव्याला बप्पा दत्तूंच्या दारात खोकत उभे राहिले नाहीत.

त्यानंतर वर्षभरात माझी बदली झाली. निघायच्या दिवशी सामान टेम्पोत भरून पुढं पाठवलं आणि मोटरसायकलवर बप्पांचा निरोप घ्यायला शेताकडं गेलो. लांबूनच भांडणाचा आवाज ऐकू आला. विहिरीच्या काठावर बप्पा आणि दत्तू हातवारे करत एकमेकांवर ओरडत होते. म्हटलं, झालं, पुन्हा बिनसलं!

शेजारी दत्तूंचा नातू गणेश डोक्याला हात लावून बसला होता. तो कर्नाटकात एका कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर चालवायला गेला होता, नुकताच परतला होता. त्यानं मला सांगितलं ते असं. तिकडं त्याची भरलेली ट्रॉली उलटली. माणूस वाचला, पण ऊस रस्ताभर पसरला आणि हा रडकुंडीला आला. तिथला एक म्हातारा शेतकरी जवळ आला, ह्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "होगली बिडु." जाऊ दे, सोड. आणि स्वतः ऊस उचलू लागला. गणेशनं घरी येऊन कौतुकानं ते सांगितलं, आणि तेव्हापासून दोघं म्हातारे 'होगली बिडु'वर हक्क सांगत भांडताहेत.

"आनला कुनी? माज्या नातवानं!" दत्तू गरजत होते.

"आन तुज्या नातवाला टॅक्टर शिकवला कुनी? माज्या लेकानं!" बप्पा म्हणाले. मला बघताच त्यांनी मला मध्ये ओढलं. "हे बगा, डाक्टर आले. ह्यांनी करावा न्याय."

मला वाटलं, ह्यात काय अवघड आहे? मी म्हणालो, "अहो, उलट बरंच झालं. आजवर एकच होता म्हणून बारी लावावी लागली. आता दोन झाले. एकानं नेव्हर माइंड घ्यावं, दुसऱ्यानं हे कानडी घ्यावं. कायमचं वाटून टाका, मिटवा."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मग दोघं मिळून माझ्यावर उलटले.

"वाटायचं कशापायी?" दत्तू कडाडले. "दोन्ही बी सामाईकच ऱ्हातील!"

"ज्याचं त्याला वाटून दिलं," बप्पा म्हणाले, आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, "तर डाक्टर, पाडव्याला मी ह्याच्या घरी जाऊ कशाला?"